पाठीला मलम कोण लावणार?

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर

स. न. वि. वि.

रंकाळा स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं औषधांचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. तुमच्यापैकी बहुतेकांची माझी समोरासमोर ओळख नाही, पण अक्षरं मी सगळ्यांची ओळखतो. तुमच्याकडून निघालेला पेशंट गगनबावड्याकडं जाणारी गाडी किती वाजता आहे ते बघतो, मधल्या वेळात माझ्याकडं येतो, चिठ्ठी काउंटरच्या काचेवर ठेवतो आणि तुम्हाला विचारायचं राहिलेलं सगळं मला विचारतो.

मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात तुमच्यातल्याच एका डॉक्टरांचं भाषण ऐकलं. भाषण छान होतं. फक्त शेवटी ते म्हणाले, "आमच्या पेशंटना शिस्त नाही. दोन आठवडे लावतात, सोडून देतात आणि मग गुण आला नाही म्हणून डॉक्टर बदलतात." सभागृहात माना डोलल्या, माझीही डोलली. घरी येताना गाडीवर मात्र ते वाक्य घशात अडकल्यासारखं झालं. कारण काउंटरच्या या बाजूनं मला वेगळं दिसतं. पेशंट चिठ्ठी मोडतो हे खरं आहे. पण कितीतरी वेळा ती चिठ्ठी पाळता येण्यासारखी नसतेच. ते तुमच्या केबिनमध्ये कळत नाही, माझ्याकडं कळतं, म्हणून हे पत्र.

सुरुवात हिशोबापासून करतो, शेवटी दुकानदार माणूस.

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम मलम होतं आणि ते मोठ्या माणसाच्या, बोटांसकट धरलेल्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. हे तुम्हीच शिकलेलं आहे, मी नंतर वाचलं. आता सोरायसिसचा, म्हणजे अंगावर खवले सुटणारे लाल चट्टे उठतात त्या आजाराचा, एक पेशंट घ्या. कोपर, गुडघे, पोटऱ्या आणि कमरेचा थोडा भाग धरून दहा तळव्यांएवढी जागा. एका वेळेला अडीच ग्रॅम, दोन वेळा म्हणजे दिवसाला पाच. तीस ग्रॅमची ट्यूब सहाव्या दिवशी संपली पाहिजे. चिठ्ठीवर मात्र असतं: ट्यूब एक, पंधरा दिवसांनी दाखवा.

यावर पेशंट काय करणार? तो ती पंधरा दिवस पुरवतो. गोडेतेल महाग झाल्यावर आपण फोडणी जशी पुरवून घालतो तशीच. शिंगणापूरकडचा एक गवंडी मला ट्यूब दाबून दाखवत होता, "अजून निम्मी हाय बघा," चेहऱ्यावर काटकसरीचा अभिमान. सोळावा दिवस होता. त्याला मी रागावलो, तर म्हणाला, "चिठ्ठीत एकच हाय न्हवं? मग पुरवून लावाय नको?" मला उत्तर सुचलं नाही. त्यानं तुमचं शब्दशः ऐकलं होतं. पुढच्या भेटीत तुम्ही "पातळ लावू नका" म्हणालात की "गुण नाही" असं लिहून आणखी कडक स्टेरॉइड, म्हणजे सूज-खाज दाबणारं मलम, दिलंत, ते मला माहीत नाही. चिठ्ठीवर दुसऱ्या औषधाचं नाव होतं एवढं खरं.

तुमच्या भाषेतलं "एल. ए., बी. डी." हेही एकदा बघा. लोकल ॲप्लिकेशन, म्हणजे वरून लावायचं, दिवसातून दोनदा. कुठल्या जागी, किती, किती दिवस, यातलं काहीच त्यात नाही. चेहऱ्याचं सौम्य मलम आणि तळपायाचं कडक मलम एकाखाली एक लिहिलेलं असतं आणि दोन्हींपुढं तीच चार अक्षरं. दोन्ही ट्यूब पांढऱ्या, दोन्हींची झाकणं निळी. मी बॉलपेननं एकीवर "तोंड" आणि दुसरीवर "पाय" लिहून देतो. घाम आणि तेल लागलं की बॉलपेन पुसतं, म्हणून आता मार्कर ठेवलाय.

पैशाबद्दल थोडं बोलतो, जास्त नको, कारण "लोकांना परवडत नाही" एवढं म्हटलं की आपण सगळेच सुटतो. माझा मुद्दा जरा वेगळा आहे. चिठ्ठीवर सात ओळी असतात. गोळी, मलम, साबण, लोशन, सीरम, सनस्क्रीन आणि शाम्पू. मी आकडा सांगतो. बाई पर्समधल्या नोटा न काढता बोटांनी मोजतात आणि विचारतात, "दादा, पाचशेत काय बसतंय ते द्या." कधी सरळच विचारतात, "ह्यातलं खरं औषध कुठलं?" म्हणजे कुठलं ठेवायचं आणि कुठलं गाळायचं हा निर्णय रोज माझ्या काउंटरवर होतो. तो निर्णय डॉक्टरचा, तो करतो दुकानदार, आणि दुकानात मी नसलो तर बारावी झालेला पोरगा. मी सांगितलं नाही तर लोक साबण नेतात आणि गोळ्या ठेवतात. साबणाचा वास येतो, फेस होतो, काहीतरी केल्यासारखं वाटतं. सातही लिहा, तक्रार नाही, पण जे सोडून चालणारच नाही त्याच्यापुढं एक फुली मारा. एवढ्यानंही माझा आणि पेशंटचा मोठा प्रश्न सुटेल.

आणि ब्रँडचं. कायद्यानं चिठ्ठीवरचा ब्रँड मला बदलता येत नाही. तुम्ही लिहिलेलं मलम कळे किंवा साळवणच्या दुकानात नसेल तर ट्यूब संपल्यावर तो माणूस पुन्हा कोल्हापूरला येईपर्यंत कोरडाच राहतो. ठरावीक औषधं ठरावीक दवाखान्याच्या शेजारच्या ठरावीक दुकानातच का मिळतात, यावर मी लिहीत नाही. तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. जनऔषधी केंद्रात त्याच घटकाचं मलम कमी पैशात मिळत असेल तर तसं सांगत जा. माझ्या पोटावर पाय येतो, तरी सांगतोय.

आता मथळ्यातल्या पाठीकडं येतो.

एक आक्का आहेत, साठीच्या पुढच्या. एकट्या राहतात, मुलगा-सून पुण्याला. पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत इसब. चिठ्ठी बरोबर, मलम चांगलं, पैसे मुलगा पाठवतो, आणि आक्का हुशार आहेत, गोळ्यांचा डबा वारांप्रमाणं लावून ठेवतात. तीन महिने काही फरक नाही. एक दिवस मी सहज विचारलं, "आक्का, पाठीला कोण लावतंय?"

"कोण लावणार बाबा? उलथन्याला चिंधी गुंडाळतो, तिला मलम फासतो आणि हात मागं करून जमंल तेवढं लावतो की मी."

उलथनं पाठीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. निम्मं मलम चिंधी पिते. तीन महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, मीही नाही. शेजारची एक मुलगी संध्याकाळी येऊन लावून जाते असं ठरलं, पण आक्कांना ते नको होतं. त्यांना लाज वाटायची. "तिच्या हाताला लागलं म्हंजे?" असं कुणी म्हणेल म्हणून. इसब लागत नाही हे आक्कांना ठाऊक होतं. शेजारच्या मुलीच्या आईला ठाऊक नव्हतं. शेवटी आम्ही लांब दांड्याचा, सपाट स्पंजचा एक लावणारा शोधला, अंग घासायला मिळतो तसला. आता बरं आहे. हे वैद्यकशास्त्र नाही, मला मान्य आहे. पण औषध पाठीपर्यंत पोचल्याशिवाय शास्त्र तरी काय करणार?

बीपीची गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलं, झालं. मलमाचं तसं नाही. त्याला वेळ लागतो, आडोसा लागतो, स्वच्छ हात लागतात, कधी दुसरा माणूस लागतो, आणि नंतर अर्धा तास अंगाला काही लागू न देता बसायला जागा लागते. दोन खोल्यांत सात माणसं राहतात तिथं जांघेला मलम लावायचं कुठं? मोरीला पडदा असतो, बाहेर कुणीतरी बादली घेऊन उभं असतं. शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीसमोर आठ तास उभा राहणारा माणूस सकाळी तेलकट ऑइंटमेंट लावून गेला तर दहा वाजेपर्यंत ते वितळून चड्डीत उतरलेलं असतं आणि त्यावर वाळूची बारीक धूळ चिकटलेली असते. त्यानं सकाळचं लावणं बंद केलं यात बेशिस्त कुठं आली? त्याला क्रीम किंवा लोशन द्या, नाहीतर रात्रीचं एकदाच लावायला सांगा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला "हात पाण्यात घालू नका" असं लिहिलेली चिठ्ठी माझ्याकडं आली होती. त्या चिठ्ठीकडं बघून बाई नुसत्या हसल्या. आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे घाला, असं मी सांगितलं. एका घरच्या मालकिणीनं रबरी मोजे घालून देवाची भांडी घासायला नको म्हटलं. तीन घरांत चाललं, एका घरात नाही.

तुम्ही म्हणाल, दुकानदार गरिबीची आणि अडाणीपणाची गोष्ट सांगतोय. म्हणून आता माझीच सांगतो.

मला अकरा वर्षं डोक्यात सोरायसिस आहे. औषध मी विकतो, त्याचे पैसे माझ्याच गल्ल्यातून माझ्याच गल्ल्यात जातात, ते कसं काम करतं हे मला समजतं. मोरीबाहेर कुणी बादली घेऊन उभं नसतं. तरीही मी लावत नाही. खरं सांगायचं तर आठवड्यातून दोन-तीनदा लावतो, आणि माझ्या डॉक्टरांनी विचारलं की "रोज लावतो" म्हणतो.

का नाही? माझं डोक्याला लावायचं औषध कोल टारचं, त्याला डांबराचा वास येतो. डांबरी रस्त्याचं काम चालू असताना जसा नाकात बसतो तसा उशीत बसतो. रात्री लावायचं तर अभ्रा वेगळा, सकाळी शाम्पू, दुकान नऊला उघडायचं. आणि आपलं डोकं आपल्याला दिसत नाही. हे औषध सुरू झाल्यावर पहिला महिनाभर बायकोनं भांग पाडून, एकेक रेघ मोकळी करून लावलं, देवळात बसल्यासारखी शांतपणे. मग मुलीची दहावी आली. बायको नाही म्हणाली नाही, मीच बोलवायचं बंद केलं. रोज रात्री "जरा डोक्याला लाव" म्हणताना आपण आजारी आहोत हे रोज रात्री मान्य करावं लागतं. गोळी गिळताना आपण तिच्याकडं बघत नाही. मलम लावताना आजाराकडं नीट बघावंच लागतं, बोटानं चाचपावं लागतं. बावीस वर्षांत मी काळा शर्ट घालून दुकानात बसलेलो नाही हे गिऱ्हाइकांच्या लक्षात आलेलं नसेल. त्यातली शेवटची अकरा वर्षं कोंड्यामुळं. आधीची अकरा मला पांढरा आवडायचा म्हणून. आता आवडतो की नाही, सांगता येत नाही.

दुसरं कारण आणखी साधं आहे. आज लावलं तर उद्या फरक दिसत नाही, आज नाही लावलं तरी उद्या फरक दिसत नाही. दिसतो तो तीन-चार आठवड्यांनी, आणि तोवर कशामुळं काय झालं हे कोण लक्षात ठेवतं?

यात मी एकटा नाही. अमेरिकेत सोरायसिसच्या पेशंटना मलमाच्या डबीला चिप असलेलं झाकण लावून दिलं होतं, किती वेळा उघडलं ते मोजायला. आठ आठवड्यांत उघडण्याचं प्रमाण घसरत गेलं, आणि पेशंटनी स्वतःच्या वहीत लिहिलेलं मात्र झाकणापेक्षा जास्त होतं. डेन्मार्कमधल्या एका त्वचारोग ओपीडीची पाहणी २००८ साली छापून आली. तीनातली जवळजवळ एक चिठ्ठी औषधाच्या दुकानापर्यंत गेलीच नव्हती. डेन्मार्कला गगनबावड्याचा घाट नाही, उसाचा फड नाही. त्यामुळं "आमचे पेशंट" असं म्हणताना जरा थांबावं, असं मला वाटतं.

खरजेचं तर लिहिताना हसू येतं. खरजेचा किडा मारणारं परमेथ्रिनचं मलम मानेपासून खाली सगळ्या अंगाला, रात्रभर, आणि आठवड्यानं पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. हे "सगळ्यांनी एकाच रात्री" कधी घडवून बघितलंय का? पन्हाळा तालुक्यातलं एक घर, नऊ माणसं. मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण एक तीस ग्रॅमची ट्यूब जाते. दोन वेळचा हिशोब केला आणि घरातला कर्ता तीन ट्यूब घेऊन गेला. ज्यांना खाजतंय त्यांना लावली. सासूबाई म्हणाल्या, "मला कुठं खाजतंय? मी कशाला तेल-तूप फासून बसू?" खरूज पहिल्यांदा झाली की खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात, तोवर किडा अंगात असतोच, हे सासूबाईंना सांगणार कोण? सुनेनं सांगितलं असतं तर "मला घाण म्हणतीस?" इथून सुरुवात झाली असती. म्हणून नाही सांगितलं. धाकटा दीर दर शनिवारी पुण्याहून येतो, तो यादीतच नव्हता. महिन्यानं सगळे पुन्हा दारात. आणि बरं झाल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहते, हेही आधी सांगितलेलं नसलं की लोक "औषध लागू पडलं नाही" म्हणून परमेथ्रिन रोज चोपडत राहतात. तेही बघितलंय.

नायट्याबद्दल लिहायचं तर आधी माझाच कान पिळला पाहिजे. वर्षानुवर्षं मी तिहेरी मलमं विकली, स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली. "खाजेची ती ट्यूब द्या" म्हटलं की दिली. दोन दिवसांत खाज जाते, गिऱ्हाईक खूश, आणि खाली बुरशी पसरत राहते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी कितीतरी स्टेरॉइडची लावायची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्यानंतरही ती विकली जातात, हे मी नाकारत नाही. मी बंद केली. शेजारच्या गल्लीत मिळतात, आणि माझी चार गिऱ्हाइकं तिकडं गेली.

त्याचा परिणाम आज तुमच्यापुढं येतोय. टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला दाद न देणारी बुरशी फैलावली आहे, २०२० साली तिला नाव मिळालं ते ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपला देश आला. म्हणून तुम्ही सहा-सहा, आठ-आठ आठवडे गोळ्या देता, डाग गेल्यावरही काही दिवस सुरू ठेवा म्हणता. पण पेशंटच्या हिशोबात डाग गेला म्हणजे आजार गेला. तो दहाच्या पाकिटातल्या पाच कापून मागतो, उरलेल्या "पगार झाल्यावर."

एका तालमीतला पोरगा यायचा, अठरा-एकोणीसचा, मांडीवर आणि पोटावर नायट्याची वर्तुळं. डॉक्टरांनी सांगितलेलं, सहा आठवडे कुस्ती बंद, कपडे वेगळे धुवा, ओले कपडे घालू नका. जुलै होता. जुलैत कोल्हापुरात लंगोट वाळवून दाखवा. गॅसच्या शेगडीवर दोरी बांधून वाळवायचा. तालमीत दहा पोरं एका खोलीत, पंचे एकाच दांडीवर. आणि सहा आठवडे कुस्ती बंद म्हणजे गणपतीनंतरची मैदानं गेली. वस्तादांना सांगायला तो तयार नव्हता, कारण मग सगळ्या पोरांनी त्याच्याशी लढत धरायची बंद केली असती. मी वस्तादांना न सांगता सगळ्या पोरांसाठी एक कागद लिहून दिला, पंचा स्वतःचा, लंगोट रोज धुतलेला, डाग दिसला की लगेच दाखवा. वस्तादांनी तो भिंतीला लावला. मारुतीच्या फोटोखाली अजून आहे. त्या पोरानं औषध पुरं केलं की नाही, मला कळलं नाही. तो परत आला नाही.

आता एक अशी गोष्ट, जी लिहायला मला सगळ्यात जड जातेय. मेथोट्रेक्सेट. सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. राधानगरी बाजूचे एक आबा दुकानात आले, म्हणाले, "तोंड आलंय. लाल गोळी दे." लाल गोळी म्हणजे बी-कॉम्प्लेक्स. मी बरणीकडं हात नेला आणि सवयीनं विचारलं, "दुसरं काय चालू हाय आबा?" त्यांनी खिशातून पाकीट काढलं. पाच दिवसांपूर्वी माझ्याच दुकानातून नेलेलं. तीन गोळ्या, रोज सकाळी, पाच दिवस. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असं इंग्रजीत दोन अक्षरांत लिहिलं होतं. काउंटरवरच्या माझ्या पोरानं पाकीट देताना काय सांगितलं ते त्याला आठवेना, आबांना आठवत होतं. त्या तोंडातल्या फोडांकडं बघून माझे हात गार पडले. रिक्षात घालून त्यांना तडक मोठ्या दवाखान्यात नेलं. उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड, सलाइन, रोज रक्ताची तपासणी. बारा दिवसांनी आबा घरी गेले. त्यांच्या मुलानं मला एक शब्द उलटा बोलला नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझ्या दुकानातून हे पाकीट जाताना त्यावर मार्करनं वार लिहिलेला असतो. आबांनी स्वतः सांगितलं, "रविवार लिही. जोतिबाचा वार, मी इसरत न्हाई." सोबत घ्यायच्या फॉलिक ॲसिडच्या गोळीसाठी मंगळवार, अंबाबाईचा. सगळ्यांना देव चालतील असं नाही, कुणाला बाजाराचा दिवस लिहून देतो, एका बाईंना मुलीची सुट्टी. पण वार मराठीत, चिठ्ठीवर, तुमच्या हातानं लिहिलेला असावा. हे एक मागणं मी हात जोडून करतो. बाकी सगळं पत्र फाडून टाकलंत तरी चालेल.

पथ्याचं एक निरीक्षण, जरा गमतीचं. माणूस अंगाला काही उठलं की सगळ्यात आधी वांगं सोडतो, मग अंडी, मग मासे. कोल्हापूरचा माणूस तांबडा-पांढरा सोडतो, डॉक्टर, सहा-सहा महिने! लग्नात बसून नुसता भात खातो. आणि तोच माणूस रात्रीची दोन मिनिटांची ट्यूब लावत नाही. मला आधी याचं आश्चर्य वाटायचं. नंतर कळलं, पथ्य चार लोकांत दिसतं. वाटी बाजूला सारली की सगळे विचारतात, काळजी करतात, आई खूश होते. ट्यूब बंद दाराआड लावायची असते, तिचं कौतुक कुणीच करत नाही. तुमच्याकडून "काहीही खा" ऐकून तो खरं तर हिरमुसून येतो. "पथ्य काय सांगितलंच न्हाई," म्हणजे डॉक्टरांनी आजार मनावर घेतला नाही. त्याला सोडायला नाही तर निदान करायला काहीतरी नेमकं द्या. सोलापूर-मराठवाड्याच्या ऊसतोड मजुरांना मी "जेवायला बसायच्या आधी हातपाय धुता ना, तेव्हाच लावा" असं सांगतो. काही जण लावतात. पंधरा दिवसांनी दाखवा हे मात्र त्यांना लागू होत नाही. पंधरा दिवसांनी टोळी दुसऱ्या फडावर असते.

पांढऱ्या डागांच्या पेशंटबद्दल थोडक्यात. दवाखान्यातल्या बॉक्समध्ये उभं राहून घ्यायचे अतिनील किरण आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोनमहिने. गगनबावड्याहून एका वेळेला पन्नास-पंचावन्न किलोमीटर, जाऊन येऊन दिवस मोडतो, रोजगार बुडतो, आणि कॉलेजच्या मुलीला "रोज कोल्हापूरला कशाला जातीस गं?" याचं उत्तर शोधावं लागतं. एक आई माझ्याकडून डागांचं मलम वर्तमानपत्रात गुंडाळून घ्यायची, खोका दुकानातच टाकून जायची. तिला वाचून सांगायची माहिती खोक्यातच राहायची.

मुरुमांच्या पोरांचंही तेच, फक्त वेगळ्या तऱ्हेनं. अडापॅलीन या मुरुमांच्या मलमानं पहिले दोन-तीन आठवडे तोंड लाल होतं, सालं निघतात, फोड वाढल्यासारखे दिसतात, गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. हे कुणी सांगितलेलं नसतं. मुरुमांचंच दुसरं औषध, बेंझॉइल पेरॉक्साइड, त्यानं आईचा नवा टॉवेल पांढराफटक पडतो आणि त्या दिवशी ट्यूब कचऱ्यात जाते. एक वाक्य आधी सांगितलं असतं तर टॉवेलही वाचला असता आणि औषधही.

मग तुम्ही काय करावं? मला सांगायचा अधिकार नाही, पण बोलायला बसलोच आहे. पहिली फेरतपासणी सहा आठवड्यांनी ठेवण्यापेक्षा दहा दिवसांनी ठेवा. माणूस भेटीची तारीख जवळ आली की लावतो, मी तरी तसंच करतो. तेवढी गर्दी तुम्हाला झेपत नसेल तर त्या दहाव्या दिवशी पेशंटला माझ्याकडं पाठवा, ट्यूब हातात घेऊन. मी दाबून बघतो किती उरलीय. त्यात फी नाही. आणि "नियमित लावता ना?" असं विचारू नका. त्याला "हो" सोडून उत्तरच नाही. "मागच्या आठवड्यात कितीदा राहिलं?" असं विचारा. माझ्या डॉक्टरांनी मला असं विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं.

काउंटरच्या काचेखाली मी एका बोटाचं चित्र ठेवलंय, खऱ्या मापाचं, पहिल्या पेरापर्यंत लाल रेघ. शेजारी दोन तळवे. लोक त्यावर आपलं बोट ठेवून बघतात, लहान मुलं तर हटकून. तुमच्या टेबलासाठी हवं असेल तर मी छापून आणि लॅमिनेट करून पाठवतो. किती प्रती हव्यात तेवढं दुकानात निरोप ठेवून कळवा.

कळावे,
आपला,
रंकाळा स्टँडजवळचा एक औषध दुकानदार

ता. क. पत्र लिहायला चार रात्री लागल्या. त्यातल्या दोन रात्री डोक्याला लावलं. आज बायकोला हाक मारणार आहे, मुलगी आता बारावीत असली तरी.